साडूची जमीन वाजेपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

मनातलं कुठेतरी ओकावं लागतं, नाहीतर पोट बिघडतं. बायकोपाशी ओकायची सोय नाही. तिला सांगितलेलं चहा गार व्हायच्या आत तिच्या धाकट्या बहिणीला कळतं, आणि ती बहीण ज्याच्या घरी नांदते तोच माझा वैरी. माझा साडू. लोक साडेसातीला घाबरतात, मला साडूच पुरला. म्हणून ही डायरी. आज त्यानं काय केलं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे दया आली तर वाचता येईल.

आम्ही दोघं इतकी वर्षं एकत्र काम करतो. लाकडी जमिनी आणि जिप्सम बोर्डाची सीलिंगं. ह्याला स्क्रू बोटांत कसा धरायचा तेही मी शिकवलं. आज हा नवं मशीन घेऊन आला. पट्टीचं. प्लॅस्टिकच्या पट्टीत स्क्रू ओळीनं बसवलेले, मशीनचं नाक दाबलं की एक आत जातो आणि पट्टी आपोआप पुढे सरकते. एकेक स्क्रू उचलायची कटकट नाही. त्याला वर कमरेपर्यंत येणारी लांब दांडी, म्हणजे जमिनीचं काम उभ्याउभ्या होतं.

इथपर्यंत ठीक. पण मग सगळ्या माणसांसमोर मला म्हणतो, "दादा, हे तुम्ही चालवा. खालचं सगळं तुम्ही बघा, वरचं सीलिंगचं आता मी बघतो. मनगटाला त्रास नको."

मनगटाला! माझ्या मनगटाची काळजी ह्याला कधीपासून? (मनगट जरा भरून येतं, सकाळी कप धरताना बोटं नीट मिटत नाहीत. थंडीचे दिवस आहेत. हे बायकोशिवाय कोणाला माहीत नाही.)

लंबू, जो माझ्या हाताखाली केस पांढरे होईपर्यंत सांधे भरत आला, तो मान खाली घालून उभा. बाकीचे एकमेकांकडे बघतायत. मी म्हणालो, "म्हातारपणाची काठी तूच चालव. आजपासून तुझं तू, माझं मी."

तो "दादा, ऐका तरी" म्हणत मागे आला. मी ऐकलं नाही. ऐकणार नाही. आता ह्याला दाखवतोच.

५ फेब्रुवारी, बुधवार

नृत्यशाळेचा नवा हॉल होतोय. तिथली लाकडी जमीन साडूनं घेतली. मी सरळ नृत्यशाळेच्या बाईंकडे गेलो आणि त्याच हॉलचं सीलिंग घेऊन आलो. त्यानं खाली खपायचं, मी त्याच्या डोक्यावर. रोज मान वर करून बघावं लागेल त्याला.

बाईंना घाई आहे. हॉलचे दोन भाग केलेत. एका भागात मी वर काम करायचं तेव्हा दुसऱ्यात तो खाली, मग अदलाबदल. मध्ये प्लॅस्टिकचा पडदा.

बायकोला सांगितलं तर तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "सीलिंग? दुसरं काहीच मिळालं नाही?"

"का? सीलिंगला काय झालं?"

"काही नाही," म्हणाली, आणि गॅस बंद करून फोन घेऊन गच्चीवर गेली. गेली असेल बहिणीला सांगायला. सांगू दे. ह्या वेळी बातमी मीच पाठवली असं समजतो.

९ फेब्रुवारी, रविवार

स्क्रूवाल्याकडे गेलो. शहरात पट्टीचे स्क्रू ठेवणारा हा एकटाच. त्याच्या काउंटरपलीकडे स्क्रू आणि काउंटरवर गप्पा, दोन्हींचा साठा कधी संपत नाही. मीही पट्टीचं मशीन घेतलं, बिनदांडीचं, सीलिंगचं. जो दगड त्यानं मला मारला तोच उचलून त्याला मारायचा.

"पट्टी मशीनला लागते तीच घ्या," स्क्रूवाला म्हणाला. "दुसऱ्या जातीची घातली तर मध्येच अडकते आणि मग लोक माझ्या नावानं बोंब मारतात. पत्र्याच्या चॅनेलवर बोर्ड ठोकणार ना? मग बारीक आट्यांचे काळे. लाकडावर असता तर जाड आट्यांचे दिले असते."

हे मला शिकवतो! काळे स्क्रू बोर्डाचे, पिवळे जमिनीचे, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. काळा स्क्रू कडक असतो पण ठिसूळ. सीलिंगमध्ये तो निवांत लटकतो, त्याला कोणी हलवत नाही. जमिनीत घातला तर रोज पायाखाली थोडा थोडा वाकतो आणि एक दिवस डोकं तुटून बसतं. मग प्लाय खालच्या वाशावरून उचलला जातो आणि पाय पडला की करकर, करकर. पिवळा मऊ, जाड अंगाचा, वाकेल पण तुटणार नाही.

हे मनात चाललेलं असताना मागच्या फळीवर नजर गेली. पिवळ्या पट्ट्यांचे खोके. साडूचं मशीन आणि माझं मशीन एकाच जातीचं, पट्टीही एकच.

"हे पिवळे किती आहेत?"

"आहेत तेवढेच. नवा माल महिना, दीड महिना तरी नाही."

"सगळे दे."

"तुम्ही तर सीलिंग करताय ना?"

"तुला विकायचेत की चौकशी करायची आहे?"

नाक दाबलं की तोंड उघडतं. साडूचं नाक आता माझ्या पलंगाखाली आहे. खोके आत सरकवताना मनगट दुखलं, पण मजा आली. इतकी मजा बऱ्याच दिवसांत आली नव्हती. बायकोला म्हटलं, पुढच्या कामाचा माल आहे, झाडू तिथे नेऊ नकोस.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मशीन वर धरून चालवायचं म्हणजे वजन सगळं मनगटावर येतं आणि नाकही खालून वर दाबावं लागतं. सकाळी ठीक होतं. दुपारनंतर स्क्रूची डोकी बाहेर राहायला लागली. नीट दाबलं गेलं नाही की असं होतं. मशीनच्या नाकावर एक रिंग असते, स्क्रू किती खोल जावा ते ठरवणारी. ती मी आणखी फिरवून ठेवली. आता कसंही दाबलं तरी डोकं आत.

काही जरा जास्तच आत जातात, बोर्डाचा कागद फाटतो. लंबू खालून म्हणाला, "मिस्त्री, कागद फाटला की स्क्रू धरत नाही. बोर्ड त्या कागदावरच लटकतो."

"तू लांबी भर आणि गप्प बस," मी म्हणालो. त्यानं भोकांवर पुट्टीची लांबी भरली. लांबी भरली की सगळे स्क्रू सारखे दिसतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज साडू घरी आला! स्वतःच्या पायानं. बायकोनं दार उघडलं आणि "या ना, या," अशी काही म्हणाली की जणू आमचं काही बिनसलंच नाही. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते, म्हणून तो पलंगावर बसला. त्याच पलंगावर. मी समोर स्टुलावर. 

चहा झाला. ह्याच्या आईच्या गुडघ्याचं झालं, ह्याच्या लेकीच्या परीक्षेचं झालं. मग म्हणाला, "दादा, पिवळ्या पट्ट्या कुठेच मिळत नाहीयेत. स्क्रूवाला म्हणतो, कोणीतरी सगळ्याच उचलल्या. तुमच्याकडे थोड्या असतील का? माझ्या आल्या की परत करतो."

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाहीत."

तो पाय मागे घ्यायला गेला, आणि टाच खोक्याला लागली. पुठ्ठ्याचा आवाज झाला. त्यानं खाली पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. मग त्यानं पाय हळूच पुढे घेतला आणि म्हणाला, "बरं. बघतो काहीतरी."

जुने चपलांचे खोके समजला असणार. डोकं कुठे आहे त्याला? जाताना बायकोला म्हणाला, "ताई, येतो." ती दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. तिला तेल लावून द्यायला सांगितलं मनगटाला, तर बाटली समोर आपटून गेली. बहिणीच्या नवऱ्याचा पुळका!

२० फेब्रुवारी, गुरुवार

साडूचं मशीन कोपऱ्यात गप्प उभं आहे. पडद्यापलीकडून पट्टीच्या मशीनचा सलग आवाज दिवसभर येत नाही. काय करतोय हा? जमीन तर पुढे सरकतेय, हळूहळू का होईना.

दुपारी पाणी प्यायच्या निमित्तानं पलीकडे गेलो. तो नव्हता. त्याच्या हत्यारांशेजारी बादली होती आणि बादलीत रिकाम्या पट्ट्यांचा ढीग. वर एक अर्धवट वापरलेली पट्टी. काळे स्क्रू!

मी चक्क दोनदा उचलून पाहिली. काळे. पिवळे मिळाले नाहीत म्हणून ह्या शहाण्यानं मी घरी गेल्यावर जमिनीत काळे ठोकले. ज्याला मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की काळा स्क्रू पायाखाली घालू नकोस, त्यानं! घाईत माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी.

मला काहीही करायचं नाही. फक्त गप्प बसायचं. हॉलचं उद्घाटन होईल, मुली नाचतील, महिन्याभरात एकेक डोकं तुटेल आणि सगळी जमीन करकरायला लागेल. प्रत्येक पावलाला ह्याचं नाव निघेल. शहरात ह्याला पुन्हा कोणी फळी मारायला बोलावणार नाही. मग येईल, "दादा" करत. तेव्हा मी काय बोलायचं ते मनात घोळवत घरी आलो. तीन-चार वाक्यं चांगली जमली आहेत.

जेवताना बायको म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसते." खरंच आहे. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ही बायको हल्ली फार काटेकोर झाली आहे. पाच वाजले की फोन. निघालात का? पाणी गरम केलंय, मनगट शेकायचंय. आणि लंबूही घड्याळ बघतो. "मिस्त्री, झालं आजचं, जा तुम्ही, मी आवरतो." सगळ्यांनाच मला घरी पाठवायची घाई.

आज निघालो आणि चष्मा राहिला म्हणून परत गेलो. बघतो तर साडू माझ्या परांचीवरून खाली उतरतोय! हातात मशीन.

"इथे काय करतोस?"

तो दचकला. "काही नाही दादा. वरून जमिनीची पातळी बघत होतो."

"मशीन घेऊन?"

"हातातच राहिलं."

लंबू लांबीचं घमेलं घेऊन उभा होता, तो भिंतीकडे तोंड करून भिंतच भरायला लागला. त्या भिंतीत भरण्यासारखं काही नव्हतं.

हेर! माझ्या कामात खोट सापडते का ते बघायला चढला होता. नाहीतर काड्या करायला. मी त्याला नको ते बोललो. ह्याच्या बापापर्यंत गेलो. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "दादा, शिडी उतरताना जपा. तिसरी पायरी ढिली आहे." चोर तो चोर, वर मलाच सांभाळून राहायला सांगतो.

घरी येईपर्यंत राग उतरला नव्हता. अजूनही नाही.

२ मार्च, रविवार

बाजारात साडू दिसला. उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्टी. तळहात सोलवटलेला. पट्टीचं मशीन वापरणाऱ्या माणसाचा हात असा होत नाही. असो, पडला असेल कुठेतरी.

मेव्हणी बरोबर होती. ती म्हणाली, "भाऊजी, रविवारीसुद्धा हॉलवर जातायत हे. उशीर झालाय म्हणे." मी म्हणालो, "घाईत केलेलं काम नंतर रडवतं." ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिचे डोळे तिच्या बहिणीसारखेच आहेत.

परत येताना मन जरा खट्टू झालं. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. ही मेव्हणी लग्नात एवढीशी होती, माझ्या खांद्यावर बसून तिनं मिरवणूक पाहिली. तिच्या नवऱ्याचं नाव गेलं तर तिचं घर कशावर चालणार? आणि त्या नाचणाऱ्या मुली. जमीन काही खचणार नाही, नुसती वाजेल, कोणाला इजा नाही. पण एखादी फळी उचलली जाऊन पाय अडकला तर? सांगावं का? फक्त म्हणायचं, "अरे, ते काळे काढ."

मग "मनगटाला त्रास नको" आठवलं. सगळ्यांसमोर. डायरीचं पहिलं पान काढून वाचलं. चांगलं लिहून ठेवलंय मी. नाही सांगणार.

७ मार्च, शुक्रवार

सीलिंग संपलं. उद्या रंगारी येतोय. शेवटचा कोपरा राहिला होता, जिथे मुलींच्या आया वाट बघत बसणार आहेत, तो आज हाणला. हात साफ गेला होता. मशीन दोन्ही हातांनी धरून, खांद्यानं रेटून ठोकलं. पण झालं. रिंग आणखी एक आटा फिरवली होती, सगळी डोकी आत.

लंबू म्हणाला, "मिस्त्री, रंगाऱ्याला एक दिवस थांबवू का?" कशाला? "नाही, लांबी वाळू दे नीट." मी म्हणालो, वाळली आहे.

१५ मार्च, शनिवार

उद्घाटन. नवा शर्ट घातला. बायको म्हणाली, "लग्नाला चाललात का?" मी मनात म्हटलं, तेराव्याला.

मुद्दाम पुढे बसलो. साडू मागे भिंतीला टेकून उभा, बोटांना अजून पट्ट्या. बाई बोलल्या, मग मुली आल्या. चाळीसेक पोरी एकदम, पाय आपटत. मी कान लावून बसलो. अर्थात, नवीन जमीन, एवढ्यात डोकी तुटणार नाहीत, ते मला ठाऊक होतं. पण काळा स्क्रू वाशात कधी नीट आवळत नाही. ज्याचे कान तयार आहेत त्याला पहिल्या दिवशीच कुजबुज ऐकू येते.

काही नाही. दगडाची असावी अशी जमीन. नाच संपल्यावर सगळे चहाकडे वळले तेव्हा मी हळूच मधोमध गेलो आणि टाचेवर जोर देऊन पाहिलं. मग दुसरीकडे. मग प्लायचा सांधा कुठे येईल ते हेरून तिथे चक्क उडी मारली. एक आई आपल्या पोरीला म्हणाली, "बघ, आजोबांनासुद्धा नाचावंसं वाटलं."

साडू बघत होता. हसला नाही. त्यानं हसायला हवं होतं, मग मला काहीतरी बोलता आलं असतं.

१६ मार्च, रविवार

लंबूला घरी जाऊन धरलं. "खरं सांग, साडूनं जमिनीत कोणते स्क्रू मारले?"

"पिवळे."

"पट्ट्या कुठून आणल्या?"

"पट्ट्या नाहीत मिळाल्या. सुटे पिवळे आणले आणि एकेक बोटांत धरून मारला, जुन्या मशीननं. तुम्ही शिकवलं होतं तसं. म्हणून तर रविवारीसुद्धा येत होते."

"आणि त्या बादलीतल्या काळ्या पट्ट्या?"

लंबू पायाच्या अंगठ्यानं फरशी घासायला लागला. "त्याचं मला माहीत नाही."

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मलाही माहीत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हिला काहीतरी माहीत नाही.

मी इतके दिवस ज्या जमिनीच्या वाजण्याची वाट पाहिली, ती ह्या माणसानं सोलवटलेल्या बोटांनी माझ्याच पद्धतीनं केली. मला फार राग आला आहे. कोणाचा ते कळत नाही, म्हणून आणखी येतोय.

१८ मार्च, मंगळवार

नृत्यशाळेतला वायरमन दुपारी घरी आला. मागच्या मुलींना गाणं ऐकू येत नाही, म्हणून बाईंनी सीलिंगमध्ये आणखी एक स्पीकर बसवायला सांगितला, त्यासाठी त्यानं बोर्डाचा गोल तुकडा कापला. तो तुकडा त्यानं माझ्यासमोर धरला. "मिस्त्री, एवढे जवळजवळ स्क्रू मारायची काय पद्धत? माझं पातं गेलं."

तुकडा हातात घेतला. लांबी नखानं खरवडली. एक स्क्रू खोल रुतलेला, तिरपा, भोवतीचा कागद फाटून भोक पडलेलं. तो माझा. त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, दुसरा. सरळ. डोकं कागदाला नुसतं टेकलेलं, जसं टेकायला हवं तसं. अर्धा आटा इकडे नाही, अर्धा आटा तिकडे नाही. तो हात मी कुठेही ओळखेन. तो मीच घडवला आहे.

काळे स्क्रू. माझ्या सीलिंगसाठी.

वायरमन गेला. मी तो तुकडा घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावर ठेवला. बायकोनं पाहिला. तिनं आधी हात पुसले, मग खाली बसली.

"तुमच्या मनगटाचं मीच सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "जानेवारीतच. म्हटलं, वर चढू देऊ नका, पण मी सांगितलं असं म्हणू नका. ते म्हणाले, ताई, दादा मला फाडून खातील. मी म्हटलं, खाऊ देत."

"आणि सीलिंग?"

"तुम्ही हट्टानं घेतलंत. मग काय करायचं? तुम्ही पाचला निघायचात, ते तुमच्यामागे वर चढायचे. लंबूनं लांबी उशिरा भरायची, एवढं ठरलं होतं." मग म्हणाली, "त्या दिवशी पलंगावर बसले होते ना, तेव्हाही तेवढ्यासाठीच आले होते. पट्ट्या मिळाल्या असत्या तर जमीन लवकर झाली असती आणि तुमच्या सीलिंगला जास्त वेळ मिळाला असता."

मी म्हणालो, "तू माझी बायको आहेस की त्याची मेव्हणी?"

"दोन्ही आहे," ती म्हणाली. "म्हणूनच जीव जातो माझा."

ह्या माणसानं मला धड सूडही घेऊ दिला नाही. मी त्याच्या पायाखालची जमीन फुटायची वाट बघत होतो आणि तो माझं छत धरून उभा होता. ह्याच्याइतकं वाईट मला कोणी वागवलेलं नाही, असं आधी लिहिलं आणि मग खोडलं.

जेवण गेलं नाही. मग एकदम लक्षात आलं. शेवटचा कोपरा. सात तारखेचा. दुसऱ्या दिवशी रंगारी आला होता.

१९ मार्च, बुधवार

सकाळीच साडूच्या घरी गेलो. तो दात घासत होता. मी दारातूनच विचारलं, "आयांच्या कोपऱ्यातला झाला होता का?"

त्यानं चूळ भरली. कुठला कोपरा, कसला, काही विचारलं नाही. "नाही दादा. तेवढाच राहिला. आज नृत्यशाळेला सुट्टी आहे, जाऊन करणारच होतो. बाईंना सांगितलंय की जमिनीचं थोडं बघायचंय."

"जमिनीचं?"

"मग काय सांगणार?"

मी त्याला म्हणणार होतो की पिवळ्या पट्ट्या मी घेतल्या. तो म्हणाला, "चला, ऊन चढायच्या आत उरकू." बोलायचं राहिलं. त्याला माहीत आहे. मला माहीत आहे की त्याला माहीत आहे. तरी बोलायला हवं होतं.

लंबूला वाटेत बरोबर घेतलं. हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मी मशीनकडे हात केला तर त्यानं मशीन उचलून खांद्याला लावलं आणि शिडीवर चढला. मी खाली शिडी धरली. लंबूनं चुंबक फिरवून माझ्या स्क्रूंच्या जागी पेन्सिलच्या खुणा केल्या, साडूनं त्या प्रत्येक खुणेशेजारी एकेक ठोकला. एक जरा खोल गेला. मी लगेच ओरडलो, "कागद फाटला! काढ तो. परत मार." त्यानं काढला, परत मारला. मला बरं वाटलं. सूड थोडा थोडाच मिळतो, पण मिळतो.

काम वाढत गेलं तसा माझा हात भरून आला. मग बोटं थरथरायला लागली, आणि शिडी मी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, त्यामुळे शिडीही. मी जितकी घट्ट धरली तितकी ती जास्त हलली. वर मशीन थांबलं.

"दादा," तो म्हणाला, "शिडी हलतेय."

लंबू माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "शिडी नाही. तुझी जमीन हलतेय."

त्यानं वरून खाली जमिनीकडे पाहिलं. त्या जमिनीवर चाळीस पोरी नाचल्या होत्या आणि मी उडी मारली होती.

"हो," साडू म्हणाला. "माझाच एखादा स्क्रू राहिला असेल."

आणि पुढचा ठोकला. मी शिडी सोडली नाही.